उन्हातला बेदाणा आणि बाउन्स झालेला चेक

नमस्कार मंडळी. यावेळी प्रश्नांचा गठ्ठा सोडला आणि मलाच हसू आलं. एरवी निम्मी पत्रं शुद्धलेखनाची नाहीतर ‘मुलाला कुठलं पुस्तक देऊ’ असली असतात, यावेळी चार जणांनी न ठरवता एकाच विषयावर लिहिलंय, काळ्या-गोऱ्याचा भेद, त्यावरची नाटकं आणि त्यावरची भाषणं. कारण काही गूढ नाही, कॉलेजच्या असाइनमेंटा, गॅदरिंग आणि वक्तृत्व स्पर्धा सगळं एकदमच आलंय. तर हे पान तेवढ्यालाच देते, शुद्धलेखनवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : बाई, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी स्पेशल. लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं ‘आय हॅव अ ड्रीम’ हे भाषण यांची तुलना करायची होती, सूत्र ‘वांशिक अन्याय’. मी चार पानं लिहिली, दोन्हीत अन्याय आहे, दोन्हीत स्वप्न आहे, सगळं लिहिलं. सरांनी खाली फक्त ‘मग?’ लिहून परत दिलं. आता काय करू?
— विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

अगं तुझे सर भला माणूस दिसतात. असा एका शब्दाचा शेरा मला वेळेवर मिळाला असता तर माझी पाच-सहा वर्षं वाचली असती. दोन्हीत अन्याय आहे हे विषयातच छापलंय, तेच परत सांगून मार्क कोण देणार. स्वप्नाचंही तेच, ते भाषणाच्या नावातच आहे. तू चेक धर. हो, बँकेचा चेक.

नाटक आठव. शिकागोच्या साउथ साइडला यंगर नावाचं काळं कुटुंब, संडास-बाथरूम बाहेर आणि शेजाऱ्यांशी सामायिक, नातवाला झोपायला सोफा. वाड्यात नाहीतर चाळीत दिवस काढलेल्या कुणालाही ते घर दोन मिनिटांत ओळखीचं वाटेल. सगळे पोस्टमनची वाट बघतायत, कारण घरातला कर्ता म्हातारा राबून राबून गेला, त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर यायचेत. पोराला, म्हणजे वॉल्टरला, दारूचं दुकान टाकायचंय, पोरीला डॉक्टर व्हायचंय, आणि आईला खिडकीतून नीट ऊन येणारं घर पाहिजे. चेक येतो आणि वटतो. आई त्यातले साडेतीन हजार घरासाठी भरते, ते घर गोऱ्यांच्या वस्तीत. उरलेले साडेसहा हजार पोराच्या हातात देते, त्यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणाचे बाजूला ठेव म्हणून बजावते, आणि तो सगळेच्या सगळे एका पार्टनरच्या हवाली करतो आणि पार्टनर फरार. (अशी एक तरी गोष्ट प्रत्येकाच्या भावकीत असते, मी आमच्यातली सांगत नाही.)

आता भाषण उघड. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, लिंकनच्या स्मारकापुढं अडीच लाखांच्या आसपास माणसं. सगळ्यांना शेवटचा स्वप्नाचा भाग पाठ असतो आणि सुरुवातीचा अर्धा भाग कोणी वाचतच नाही. त्या अर्ध्या भागात किंग चक्क उधारी मागतायत. त्यांचं म्हणणं असं, की स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना लिहिणाऱ्यांनी प्रत्येक नागरिकाच्या नावानं एक वचनचिठ्ठी लिहून दिली होती, काळ्या माणसानं ती नेऊन दाखवली तर चेक परत आला, वर शेरा, खात्यात पुरेशी रक्कम नाही. न्यायाची बँक बुडालीय हे आम्ही मानायला तयार नाही, म्हणून आज राजधानीत चेक वटवायला आलोय. आपल्या भागात पतसंस्थेत पैसे अडकलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही बघ. आणि त्या मोर्चाच्या नावात ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ असं होतं, नोकऱ्या आधी, हे पण लोक विसरतात.

आता गंमत बघ. भाषणात चेक बाउन्स होतो, नाटकात वटतो. नाटक ११ मार्च १९५९ ला ब्रॉडवेवर आलं, म्हणजे भाषणाच्या चार वर्षं आधी, आणि तिथं कुणी काळ्या बाईनं लिहिलेलं ते पहिलंच नाटक. म्हणजे किंग ‘आमचे पैसे टाका’ म्हणायच्या आधीच ही पोरगी (वय अठ्ठावीस!) दाखवून मोकळी झाली होती, की पैसे हातात आले, घराची किल्ली आली, तरी पुढचा माणूस दारात उभा राहतोच. सरांच्या ‘मग?’ला उत्तर इथं आहे. दोघं एकच गोष्ट सांगत नाहीयेत, एक जिथं थांबतो तिथून दुसरी चालू होते, फक्त तारखा उलट्या आहेत.

दारात येणारा तो माणूस म्हणजे कार्ल लिंडनर, नव्या वस्तीच्या सुधारणा मंडळाचा प्रतिनिधी, आणि तो तिसरा चेक घेऊन येतो. तुमचं घर आम्ही विकत घेतो, दिलेत त्यापेक्षा जास्त देतो, फक्त तुम्ही येऊ नका. नाटकात मला सगळ्यात भारी हा लिंडनर वाटतो कारण तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही, टोपी हातात धरून अदबीनं बोलतो, वर म्हणतो की यात वंशाबिंशाचा काही प्रश्नच नाही, आपापल्या लोकांत माणूस सुखी असतो एवढंच. भाषणात तुला हा माणूस सापडणार नाही. भाषणाला समोर मोठा शत्रू लागतो, कायदा, सरकार, गव्हर्नर, पण चहा पिऊन हळू आवाजात नाही म्हणणारा माणूस पकडायला नाटकच लागतं.

आणि तो काय फक्त शिकागोत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा एका मैत्रिणीबरोबर खोली बघत हिंडत होते. एका घरी आम्हाला पोहे मिळाले, चहा मिळाला, भाडं ठरलं, नळाच्या पाण्याच्या वेळासुद्धा सांगून झाल्या, मग मालकीणबाईंनी सहज विचारल्यासारखं मैत्रिणीचं आडनाव विचारलं. ते कळल्यावर गाव विचारलं, आणि मग त्यांना एकदम आठवलं की दिवाळीला त्यांची नणंद कायमची राहायला येणार आहे. ‘आमचं काही नाही हो, पण घरात म्हातारी माणसं आहेत.’ मैत्रीण जिना उतरताना म्हणाली, पोहे छान होते. मी नाटक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि लिंडनर आला तेव्हा मला पोह्यांचा वास आला, खोटं नाही सांगत.

हॅन्सबेरीनं हे हवेतून काढलेलं नाही. तिच्या वडिलांनी १९३७ मध्ये शिकागोत गोऱ्यांच्या भागात घर घेतलं, तिथं घरमालकांनी आपसात करार करून ठेवलेले, काळ्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. घरावर जमाव चालून आला, दगड-विटा आल्या, पोरगी तेव्हा शाळकरी. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९४० मध्ये वडील जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर, ते करार काही तेव्हा मोडले नाहीत. असले करार कोर्टातून राबवता येणार नाहीत हे ठरायला १९४८ उजाडलं. हे तुझ्या उत्तरात दोन ओळीत टाक, जास्त नको, नाहीतर तो इतिहासाचा पेपर होईल.

अजून एक गोष्ट आहे आणि ती मला स्वतःला फार आवडते. नाटकाच्या शेवटी वॉल्टर लिंडनरचे पैसे घ्यायला तयार होतो, आणि घरच्यांसमोर त्याची रंगीत तालीम करतो, गुडघे टेकून, गोऱ्या मालकापुढं बोलायच्या लाचार आवाजात. घरात कुणाला बघवत नाही. मग खरंच लिंडनर येतो, आई म्हणते नातवाला खोलीत पाठवायचं नाही, त्याच्या देखत बोल. आणि वॉल्टर ती पाठ केलेली लाचारी सोडून भलतंच बोलतो, अडखळत, मध्येच थांबत, की आमच्या बापानं हे घर वीट वीट करून कमावलंय, आम्ही राहायला येणार, आम्हाला कुणाशी भांडायचं नाही. ऐकायला एक गोरा माणूस आणि घरची चार डोकी. आता तिकडं किंग. त्यांच्या हातात लिहिलेलं भाषण होतं आणि त्यात स्वप्नाचा भाग नव्हताच. गायिका महालिया जॅक्सन मागून ओरडल्या की स्वप्नाचं सांग त्यांना, असं किंगच्या सहकाऱ्यानं सांगून ठेवलंय, आणि त्यांनी कागद बाजूला सारला. म्हणजे दोघांचंही खरं बोलणं कागद सुटल्यावर आलं, एकाचं अडीच लाखांपुढं, दुसऱ्याचं एका पोरापुढं. यावर तू एक पान लिहू शकतेस.

आणि शेवटी बेदाणा. नाटकाचं नाव लँग्स्टन ह्यूज यांच्या ‘हार्लेम’ कवितेतून आलंय, पुढं ढकललेल्या स्वप्नाचं काय होतं, उन्हातल्या बेदाण्यासारखं सुकून जातं का, असा तिथं प्रश्न आहे. तासगावच्या शेजारी राहून तू यावर एक ओळ लिहिली नसशील तर कमाल आहे. आपल्याकडं बेदाणा शेडमध्ये रॅकवर, सावलीत वाळवतात, का, तर सरळ उन्हात टाकला तर रंग काळपट पडतो आणि भाव उतरतो. हिरवा बेदाणा महाग, काळा स्वस्त! ह्यूजना हे ठाऊक असायचं कारण नाही पण तुला आहे ना, मग वापर की.

प्रश्न : गॅदरिंगला आम्ही शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधला प्रवेश मराठीत करतोय. डायरेक्टर म्हणतो हिरोला काळा रंग फासायचा, त्याशिवाय लोकांना कळणार नाही. डेस्डिमोना करणारी म्हणते असं केलं तर मी काम करणार नाही. तालीम बंद पडलीय. कोण बरोबर?
— इस्लामपूरचा ग्रुप

डेस्डिमोना. तिला माझ्याकडून वडापाव द्या.

कारण सांगते. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्या माणसाची टिंगल करायची ही शंभर वर्षांहून जास्त चाललेली करमणूक होती, त्या रंगाला तो वास आहे, तुमच्या मनात नसला तरी. आणि खरे काळे नट मिळत नव्हते असंही नाही. न्यूयॉर्कचा आयरा आल्ड्रिज १८३३ मध्येच लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो म्हणून उभा राहिला होता. ब्रॉडवेवर पॉल रोबसननं हा रोल १९४३ साली केला, २९६ प्रयोग झाले. हाच रोबसन पुढं भाषणांसाठीपण गाजला, सरकारनं १९५० मध्ये त्याचा पासपोर्टच काढून घेतला, आणि १९५६ मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढं, तू रशियातच का राहिला नाहीस असं विचारल्यावर त्यानं सुनावलं की माझा बाप गुलाम होता, हा देश उभा करताना माझे लोक मेलेत, मी इथंच राहणार. चौकशीच्या खोलीत ऑथेल्लोच बोलला म्हणा ना.

पण तुमच्या डायरेक्टरची अडचण खरी आहे, लोकांना कळणार कसं. तर संहिता नीट बघा. पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोचं नाव एकदासुद्धा येत नाही. इयागो आणि रॉडरिगो त्याला ‘मूर’, म्हणजे आफ्रिकेकडचा काळा, म्हणतात, ओठांवरून बोलतात, जनावराच्या उपमा देतात. नाव पहिल्यांदा घेतलं जातं ते थेट तिसऱ्या प्रवेशात, जेव्हा राज्यकर्त्यांना लढाईसाठी त्याची गरज पडते. रंग त्याच्या तोंडाला नाही, दुसऱ्यांच्या तोंडात आहे, तो तिथनंच येऊ दे. इयागो करणाऱ्याला सांगा की ‘तो’ हा शब्द असा म्हण की गावाबाहेरच्या वस्तीबद्दल बोलतोयस, प्रेक्षकातल्या प्रत्येकाला कळेल, काजळाची डबी लागणार नाही.

आणि वेळ असेल तर ऑथेल्लोचं सिनेटपुढचं भाषण घ्याच, डेस्डिमोनाला जादूटोण्यानं वश केलं या आरोपाला तो तिथं उत्तर देतो. मला काही गोड बोलता येत नाही असं म्हणून सुरुवात करतो आणि सगळ्या सभेला गप्प करतो. नाटकातलं असलं तरी ते आरोपीच्या पिंजऱ्यातलं भाषणच आहे. तुम्ही तर सांगली जिल्ह्यातले, हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकावरून १८९० मध्ये ‘झुंझारराव’ केलं, वाचनालयात मिळालं तर भाषेसाठी वाचा.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत तिनं किंग यांचं भाषण मराठीत पाठ करून म्हटलं, हातवारे वगैरे सगळं बसवून. परीक्षक म्हणाले ‘पाठांतर छान’. नंबर आला नाही, पोरगी रडली. पुढच्या वेळी कुठलं भाषण द्यावं?
— पालक, सातारा

दादा, कुठलंच भाषण पाठ करायला देऊ नका. पोरीला चांगलं सांगा की तिचं काही चुकलं नाही, पण दुसऱ्याच्या भाषणाचा कळस आपल्या तोंडात घेतला की तो फुगाच होतो, कारण त्या कळसाखालचं देऊळ आपल्याकडं नसतं. आणि हातवाऱ्यांचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेल्सन मंडेला २० एप्रिल १९६४ ला कोर्टात आरोपीच्या जागेवरून तीनेक तास बोलले, बराचसा भाग कागदावरून वाचून, आणि अगदी शेवटी, या ध्येयासाठी मरायची वेळ आली तरी तयारी आहे, एवढं म्हणाले. फाशी होऊ शकत होती. मग जन्मठेप झाली, रॉबेन बेटावर कैद्यांनी ‘अँटिगनी’ हे ग्रीक नाटक बसवलं, त्यात मंडेलांनी काम केलं, आणि कुणाचं, तर जुलमी राजा क्रेऑनचं! कोर्टात जुलमाविरुद्ध बोललेला माणूस नाटकात जुलमी राजाच्या डोक्यात शिरून बघतोय. आठवीच्या मुलीला ही गोष्ट सांगून बघा, भाषणापेक्षा जास्त लक्षात राहील.

पण तुम्ही साताऱ्यात राहून विषय शोधताय याचं मला नवल वाटलं. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव नावाचा मुलगा तुमच्याच गावात शाळेत दाखल झाला, तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस असतो, हे तिला शाळेत सांगितलं असेलच. त्याच्या पुढचं सांगा. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, त्यांच्याकडं सुट्टीला म्हणून भाऊ आणि भाचरांबरोबर हा मुलगा रेल्वेनं मसूरला उतरला. नवे कपडे, मजेत. जात कळल्याबरोबर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेसुद्धा मुलांनीच गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर जवळ डबा असून जेवता आलं नाही कारण पाणी मिळालं नाही.

बाबासाहेबांनी हे पुढं इंग्रजीत लिहिलं. परदेशी लोकांना अस्पृश्यता म्हणजे काय ते ऐकून माहीत असतं पण कळत नाही, म्हणून त्यांनी व्याख्या न देता प्रसंग सांगितले. एवढा मोठा वक्ता, पण इथं त्यांनी भाषण केलं नाही, प्रवेश लिहिलाय, पात्रं आहेत, गाडी आहे, पाणी नाही. मुलीला मसूरला घेऊन जा, साताऱ्यापासून लांब नाही. स्टेशनवर उभं राहू दे, आणि घरी येऊन तिच्या शब्दात पाच मिनिटं बोलू दे. नंबराचं नंतर बघू.

प्रश्न : बाई, राग मानू नका, पण अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्याचं आपल्याला काय करायचंय? आपल्याकडं वंशभेद नाही. आपले प्रश्न आपल्याला थोडे आहेत व्हय?
— एक निवृत्त, विटा

राग कशाला मानू, प्रश्न बरोबर आहे, मधलं वाक्य सोडून.

जात म्हणजे वंश नव्हे हे मी पण मानते, बाबासाहेबांनी १९३६ मध्येच तसं मांडून ठेवलंय. त्यामुळं दोन्ही एकच म्हणून गठ्ठा बांधणाऱ्यांवर मी पण चिडते. पण तिकडं बघायची सवय आपल्याला आत्ता टीव्हीमुळं लागलेली नाही हो. ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण कुणाला केली, तर गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ नावाचं नाटकपण लिहिलं होतं, बक्षीस समितीनं ते घेतलं नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, नाव सरळ अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून, आणि तिच्यातले राजा ढाले तुमच्याच जिल्ह्यातल्या नांद्र्याचे. उलट बाजूनंही झालंय. किंग १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतात आले होते, तेव्हा केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली. किंगनी पुढं एका प्रवचनात सांगितलं की आधी मला धक्का बसला, रागच आला, मग विचार केला आणि म्हटलं, होय, मी अस्पृश्यच आहे.

आणखी एक जोडी तुमच्यासाठी. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना १८५२ मध्ये रॉचेस्टरला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाला बोलावलं. ४ जुलैला रविवार होता, भाषण ५ तारखेला झालं, आणि त्यांनी यजमानांनाच विचारलं की तुमचा हा ४ जुलै गुलामाला काय कामाचा? आता आपल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. १६ ऑगस्ट १९४७, मुंबईत भर पावसात मोर्चा, ‘ये आझादी झूठी है, देश की जनता भूखी है’. दोघांचाही मुहूर्त सणाच्या दुसऱ्या दिवशीचा. एकानं दुसऱ्याचं वाचलं होतं का वगैरे वादात मी पडत नाही, आणि त्यानं काही बिघडतही नाही. अण्णा भाऊ तर एका हातानं असली घोषणा देत होते आणि दुसऱ्या हातानं तमाशा मोडून लोकनाट्य उभं करत होते, त्यामुळं नाटक वेगळं आणि भाषण वेगळं ही वाटणी आपल्याकडं कधी नीट झालीच नाही. विट्याहून वाटेगाव काही अमेरिकेएवढं लांब नाही, एक चक्कर मारा आणि मग मला परत पत्र लिहा, भांडायला मी आहेच.

ता. क. : विश्रामबागच्या मुली, तुझ्या नाटकावर १९६१ चा सिनेमा आहे, सिडनी पॉइटिए वॉल्टर झालाय, ब्रॉडवेवरही तोच होता. पण उत्तर लिहून झाल्यावरच बघ, नाहीतर सिनेमाचीच गोष्ट लिहून येशील आणि सर परत ‘मग?’ म्हणतील.